वामीच्या बिळावर माझी सावली

मला पाण्याची भीती वाटत नाही, काळोखाची वाटत नाही, सासूची तर कधीच वाटली नाही. मला भोकाची भीती वाटते. मोरीच्या तोंडाशी अडकलेलं शीत मी काडीने काढते. पिठाच्या डब्यात खोलवर हात घालायचा झाला तर आधी डबा दोनदा हलवून बघते. टपालपेटीत पत्र टाकायचं असलं की बोटं बाहेर ठेवून पत्र नुसतं ढकलते, नि ते अर्धवट लोंबकळत राहिलं तर तसंच सोडून येते. घरातली तरणी मंडळी यावरून माझी टर उडवतात. उडवोत बापडी. त्यांनी ते बीळ बघितलेलं नाही.

सत्तर साल उलटून थोडाच काळ झाला होता. आम्ही अंधेरी पूर्वेला, मरोळच्या कारखान्यांच्या मागे एका चाळीत राहत होतो. नवरा तिथेच एका शेडमध्ये लेथवर टर्नर होता. इथे लिहिताना मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तोंडावर जन्मभर 'अहो' म्हटलं, तेवढं पुरे. त्याचे हात म्हणजे आमचं घर होतं. लोखंडाच्या दांड्यावरून तर्जनी फिरवली की कुठे केसभर जास्त राहिलंय ते त्याला माप लावायच्या आधी कळायचं. शेडचा मालक कोणाचं कौतुक करणाऱ्यांतला नव्हता, पण तोही अवघड काम आलं की ते याच्याच पुढ्यात आणून ठेवायचा. चाळीतल्या बायकांत मी त्याच्या हातांचा तोरा मिरवत असे. आपलं शिक्षण सातवीपर्यंत आणि नवऱ्याचं त्याहून कमी, मग मिरवायला दुसरं होतं काय?

आम्ही दोघंही मालवणकडचे, एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. आमच्याकडे कुर्ल्या हातानेच धरतात. मुंबईवाले ज्यांना चिंबोऱ्या म्हणतात त्याच त्या. ओहोटीला खाडीच्या चिखलात बीळ दिसलं की पालथं पडायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा, बिळाच्या छताला घासत पुढे न्यायचा आणि कुर्लीची पाठ लागली की वरून दाबून मागून धरायची. नांगी लागली तर लागली. माझा नवरा त्यात पटाईत होता. लग्नाआधी त्याचं नाव आमच्या काठाला कळलं ते कुर्ल्यांमुळेच.

त्या थंडीत मला सातवा महिना होता आणि डोहाळे लागले ते नेमके कुर्ल्यांचे. अंधेरीच्या बाजारात मिळत होत्या, पण सुतळीने बांधलेल्या, अर्धमेल्या. त्यांचा वास आला तरी मला मळमळायचं. मला हव्या होत्या नुकत्या बिळातून काढलेल्या. शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडच्या एक वयस्कर काकू राहायच्या, गरोदर बाईने काय करावं नि काय करू नये याचं सगळं शास्त्र त्यांना तोंडपाठ. त्यांनी माझ्या नवऱ्याला दारात गाठून बजावलं की डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात. तो हसला, पण त्याच रात्री जेवताना कुर्ल्यांचा विषय काढून बसला.

या काकूंचंच दुसरं एक सांगणं होतं. गरोदर बाईची सावली सापावर पडली की साप आंधळा होतो, जागचा हलत नाही. तेव्हा मरोळला पडीक गवताळ जमीन खूप होती, साप निघायचे. काकू मला म्हणायच्या, गवतातून जाऊ नकोस, त्या मुक्या जनावराला कशाला आंधळं करतेस? आमच्या गावीही हेच म्हणायचे. मग एक दिवस सार्वजनिक नळापाशी भलीमोठी धामण निघाली. बायका किंचाळत पळाल्या, मला काही पळता येईना. मी हंडा धरून उभी आणि धामण माझ्यासमोर काठी पडल्यासारखी पडून. बऱ्याच वेळाने ती सावकाश गवतात गेली. ती घाबरली असेल, पोट भरलेलं असेल, कोण जाणे. पण चाळीने ठरवलं की ही सावलीची करामत. नवरा शेडमध्ये सांगत सुटला की आपली बायको जनावराला जागेवर बसवते. एकदा एखादी गोष्ट थट्टेने दहा जणांना सांगितली की माणूस तिच्यावर विश्वास ठेवायला लागतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं असं नाही, पण आता कळतं.

शेडमध्ये त्याच्याबरोबर मढचा एक ख्रिस्ती कामगार होता. तो म्हणाला, आमच्या गावाबाहेरच्या खडकांत मोठ्या ओहोटीला हव्या तेवढ्या चिंबोऱ्या. पण रविवारी सकाळी तो यायचा नव्हता, सगळं गाव चर्चमध्ये, त्यांच्या भाषेत देवळात, मिस्साला जातं. आम्ही दोघंच निघालो. हिला कशाला नेतोस, असं काकूंनी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, ती बरोबर असली की खडकात जनावराची धास्ती नाही. काकूंनाही ते पटलं.

पहाटेच्या बसने वर्सोवा गाठलं, तिथून तरीने खाडी ओलांडून मढला उतरलो. ऊन कोवळं होतं. समुद्र इतका मागे गेला होता की एरवी पाण्याखाली असणारे काळे खडक दूरवर उघडे पडले होते. सगळ्यांवर कालवांची धारदार शिंपलं. मी एका हाताने पोट सांभाळत, दुसऱ्याने त्याचा दंड धरून जपून पावलं टाकत होते. एरवी तिथे कालवं काढणाऱ्या बायका असतात म्हणे. त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. मला ते आवडलं होतं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो.

त्याने फडक्यात बांगड्याची आतडी बांधून आणली होती. ती बिळांच्या तोंडाशी चोळली की कुर्ल्या पुढे येतात. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटले होते. दोन कुर्ल्या मिळाल्या, मी त्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड आवळून धरलं. मग आम्ही पार कडेच्या खडकापाशी आलो. खडकाच्या पायाशी डबकं साचलेलं आणि डबक्याच्या कडेला पाण्याने भरलेली एक आडवी खाच. त्या खाचेत, एका बाजूला, हिरवट काळी मोठी नांगी दिसत होती. आणि दुसऱ्या बाजूला डोकं होतं.

त्या डोक्याने मला आजही जाग येते. मनगटाएवढं जाड, तपकिरी, त्यावर पिवळट ठिपके. अंगावर खवला नाही, कातडी ओली, बुळबुळीत. मिऱ्याएवढे डोळे. आणि तोंड सारखं उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. उघडलं की आत मागे वळलेले दात दिसायचे. ते आमच्याकडे बघून तोंड वासतंय असंच मला वाटलं. माझ्या पोटातला जीव गर्रकन फिरला. मी म्हटलं, चला इथून, मला नको कुर्ल्या.

त्याने वाकून बघितलं. आमच्या खाडीत असलं काही त्याने कधी बघितलं नव्हतं. कल्ल्यांपाशी पर नाहीत, खवले नाहीत, म्हणजे तो मासा नव्हे, जनावर, आमच्या भाषेत साप. आणि जनावरावर त्याच्याकडे उपाय होता.

"हयसर उभी रव," तो म्हणाला. "तुझी सावली बिळार पडांदे."

मी उभी राहिले. मला नको होतं, तरी राहिले. सूर्य माझ्या पाठीमागे, सावली लांबलचक समोर, पोटाचा फुगवटा नेमका त्या खाचेवर. डोकं क्षणभर थांबलं आणि हळूच आत सरकलं. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग पालथा पडला, उजवा हात पाण्यात घातला आणि छताला घासत नांगीच्या रोखाने आत नेला, जसा गावी न्यायचा तसाच.

पुढे अनेक वर्षांनी मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचलं. ज्याने आपली झोप नेली त्याची निदान माहिती तरी असावी. ती खडकातली वाम होती. वाम म्हणजे मासाच, साप नव्हे. तोंड उघडमीट करते ती दरडावायला नव्हे, श्वास घ्यायला, कल्ल्यांवरून पाणी खेळवायला. दिवसा कपारीत बसते, रात्री शिकारीला निघते. तिची नजर मुळातच अधू, सगळा भरवसा वासावर. नाकाच्या शेंड्याला दोन बारीक नळ्या असतात, त्यातून तिला पाण्यातला वास कळतो. म्हणजे माझ्या सावलीने ती आंधळी झाली असती तरी तिचं काही बिघडणार नव्हतं. तिच्या पुढ्यात बांगड्याच्या वासाने माखलेला हात आला होता.

त्याचा आवाज मी आधी ओळखलाच नाही, कुठला पक्षी ओरडला असं वाटलं. मग त्याने हात ओढला आणि हात आला नाही. पाणी लाल झालं. तो पुन्हा ओढायला लागला तशी खडकाच्या आतून त्यालाच कोणी ओढत असल्यासारखा त्याचा खांदा खाचेवर आपटला. मी खाली बसायला गेले तर तो ओरडला की हलू नको, सावली काढू नको. मी जिथे होते तिथे थिजले.

हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं, पण मी उभीच राहिले. नवऱ्याचा हात त्या भोकात, तोंडाला फेस, आणि मी पाच पावलांवर नुसती उभी, कारण तो म्हणत होता की सावली हलली तर ते आणखी खवळेल. मलाही तसंच वाटत होतं. माझी सावली थरथरत होती. ती स्थिर ठेवायला मी दोन्ही हातांनी पोट धरलं.

तो जरा वेळ ओढायचा थांबला. मग एकदम त्याचे डोळे फिरले.

"आत आणखी एक तोंड आसा गे," तो म्हणाला. "आतल्या तोंडान धरल्यान."

मला वाटलं, वेदनेने याचं डोकं फिरलं. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. बघते तर डबक्यात बाहेरचं पाणी शिरायला लागलं होतं. भरती लागली होती. मढच्या त्या खडकांवर मोठ्या ओहोटीनंतरची भरती चालत येत नाही, पळत येते. तो पालथा होता, खांदा खडकाला भिडलेला, हनुवटी पाण्याच्या वर वीतभर. मी मनाशी हिशोब केला. पाणी त्याच्या तोंडाला लागायला फार वेळ नव्हता.

आणि सावली आखडत होती. सूर्य वर चढत होता. सावलीचं डोकं बिळाच्या पुढून मागे आलं होतं, पोटाचा फुगवटा तर कधीच इकडे सरकला होता. मला ते दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. मी ते सांगितलं नाही. मी बोंब मारली, दोनदा, तीनदा. वाऱ्याने ती समुद्राकडे नेली. गावाकडून देवळाच्या घंटेचा आवाज आला, आणि मला कळलं की माणसं आहेत, पण ती सगळी तिथे आहेत.

"मी जातंय," मी म्हटलं. "माणसा घेऊन येतंय."

तो नको म्हणाला. त्याने मला त्याआधी कधी विनवलं नव्हतं, त्यानंतरही नाही. रडत म्हणाला, "सावली काढून जाव नको गे."

मी वळले. माझी सावली त्या खडकावरून निघाली ती मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली, आणि मागून येणाऱ्या किंकाळीची वाट बघत मी चालत सुटले. पळता येत नव्हतं. चपला डबक्यात राहिल्या, शिंपल्यांनी तळवे फाटले, त्याचं मला काही नव्हतं. मला एकच दिसत होतं, की मी परत येईन तेव्हा तिथे नुसतं पाणी असेल. पोटातलं पोर अगदी निपचित झालं होतं, त्याचीही भीती वाटत होती. दोन भीतींच्या मध्ये मी चालत होते आणि तोंडाने गावच्या देवीला नको नको ते बोलत होते.

मिस्सा नुकताच सुटला होता. पांढऱ्या देवळाच्या पायऱ्यांवरून माणसं उतरत होती, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, केसांत फुलं. रक्ताळलेल्या पायांची पोटुशी बाई बघून त्या बाजूला झाल्या. मी नुसता हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने तो मनगटापाशी गच्च धरून दाखवला, समुद्राकडे बोट केलं. एका म्हाताऱ्या बाईला ते कळलं. तिने कोणाला तरी हाक मारली, शेजारच्या घराच्या पडवीतून कालवं फोडायची टोकदार कांब उचलली आणि चालायला लागली. मागून तिचा भाऊ कोयता घेऊन आला. शेडमधला तो कामगारही गर्दीतून धावत आला.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मान वर करून तो श्वास घेत होता. मला बघून त्याने डोळे मिटले. कामगाराने त्याच्या पाठीमागून काखेत हात घालून त्याला उचलून धरलं. म्हातारी त्या ठेवणीतल्या लुगड्यासकट पाण्यात बसली, कांब खाचेत घालून चाचपू लागली. तिचेही ओठ हलत होते, ती प्रार्थना म्हणत होती. कांब दाताला लागत होती, पण मध्ये याची बोटं होती. लाट आली की सगळं बुडायचं, ओसरली की हा खोकत वर यायचा.

भाऊ म्हणाला, आता हात तोडायला हवा, माणूस तरी राहील. तो हे मला उद्देशून म्हणाला, नवऱ्याला नाही. कोयता त्याच्या हातात होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या हाताकडे पाहिलं, म्हणजे कोपरापासून वरचा जेवढा दिसत होता तेवढ्याकडे. मला लेथ आठवलं. मला त्याची लोखंडावरून फिरणारी तर्जनी आठवली. मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते.

तेवढ्यात म्हातारीने मान वर केली. तिने बहुधा लहानपणी कोणाकडून ऐकलेलं असावं, कारण ती स्वतःही बिचकतच बोलली.

"वढू नको, बाला," ती त्याला म्हणाली. "हात आत घाल."

त्याला ते कळलंच नाही, किंवा कळून त्याने मान हलवली. माणूस कसा ऐकेल? ज्याने धरलंय त्याच्याच घशात हात घाल म्हणे. पण ओढलं की मागे वळलेले दात आणखी रुततात, एवढं मलाही समजत होतं, आमच्याकडे गळाचं तसंच असतं. मी पाण्यात गुडघे टेकले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"हात आत घाला," मी म्हटलं. "माझा ऐका."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग दात आवळून त्याने हात पुढे लोटला, आत, त्या तोंडाच्या दिशेने. मी त्याच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहायची माझी इच्छा नाही. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतली पकड बदलली असावी, कारण तो एकदम मागे पडला, कामगारासकट, आणि हात बाहेर होता. तर्जनी बुडाशी अर्धं पेर सोडून गेली होती. मधल्या बोटाचं शेवटचं पेर नव्हतं.

म्हातारी डोक्यावरचा पदर फाडून हात बांधत होती. माझी नजर मात्र खाचेकडे होती. पाण्याखाली ते डोकं पुन्हा तोंडाशी आलं होतं, तसंच, तोंड उघडत आणि मिटत. आम्ही तिथे असलो काय नि नसलो काय, तिला त्याचं काही नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, त्यानेही सगळं सांगितलं, आतल्या तोंडाचंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, रक्त गेलं की असे भास होतात. चाळीत, शेडमध्ये, गावी, सगळीकडे तो तेच सांगत राहिला, की पहिल्या तोंडाने बोटं पकडून ठेवली आणि घशातून दुसरं तोंड पुढे आलं, त्याने आत खेचलं. लोक तोंडावर हूं म्हणायचे आणि पाठीमागे हसायचे. काकूंनी तर त्याची दृष्ट काढली. पुढे त्याने सांगायचं सोडलं. मीही त्याचं खरं मानलं होतं असं नाही. तो गेल्यानंतर कधीतरी नातीने फोनवर मला एक चित्रफीत दाखवली. वामीच्या घशात खरोखरच दुसरा जबडा असतो. पुढचे दात भक्ष्य धरून ठेवतात, मग मागचा जबडा सरसर पुढे येतो, धरतो आणि घशात ओढून नेतो. शास्त्रज्ञांनाही ते उशिराच कळलं म्हणे. नात म्हणाली, भारी ना आजी? मी फोन पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. त्याला जाऊन किती वर्षं झाली होती, आणि मला त्या वेळी त्याला एवढंच सांगायचं होतं की तुमचं खरं होतं हो.

असो. त्या वेळचं सांगते. मालकाने त्याला काढलं नाही, पण लेथवरून उठवलं. हत्यारांच्या खोलीत बसवलं, लागेल ते हत्यार दुसऱ्यांच्या हातात द्यायला. घरी आला की हाताला फडकं गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडायचा. रात्री दचकून उठायचा आणि उजवा हात डाव्या काखेत दाबून धरायचा. मला त्याच्या नोकरीची भीती होती, त्याच्या डोक्याची भीती होती, आणि पोटात त्या दिवशी निपचित झालेल्या पोराची तर होतीच. दोन महिन्यांनी मुलगी झाली. धडधाकट. काकूंनी तिचे कान तपासून बघितले.

तान्ह्या पोरांची एक खोड असते, हाताला काही लागलं की मूठ आवळतात आणि सोडत नाहीत. पहिल्या दिवशी काकूंनी मुलीला त्याच्यापुढे धरलं, म्हणाल्या, दे बोट तिच्या हातात. तिची मूठ त्याच्या करंगळीवर मिटली मात्र, त्याने असा हिसडा दिला की पोर घाबरून रडायला लागलं. तो बाहेर निघून गेला. त्यानंतर तो तिला घ्यायचा ते मनगटांवर, मुठी मिटून, पोत्यासारखं. चाळीत कुजबुज झाली की मुलगी झाली म्हणून बाप नाराज आहे. मी कोणाशी भांडत बसले नाही. मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. घरात एक भोक असतं तर बुजवता आलं असतं, ही तर आमची मुलगी होती. तो तिला जन्मभर असाच लांबून बघत राहणार, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, भरतीच्या पाण्याहूनही जास्त.

मुलगी रांगायला लागली, खालचे दोन दात आले. दिसेल ते तोंडात घालून चावायची. एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, तो चटईवर पडला होता आणि मी नळावर गेले होते. हंडा घेऊन दारात आले आणि जागीच थांबले. मुलगी रांगत त्याच्यापाशी गेली होती. तिने त्याचा उजवा हात दोन्ही मुठींत धरला होता आणि गेलेल्या बोटाच्या जागचा तो गुळगुळीत खुंट तोंडात घालून ती चावत होती. तो जागा होता. चेहरा पांढराफटक, मानेवरून घाम ओघळत होता, डोळे माझ्यावर. खडकावर होते तसेच ते डोळे.

मी हंडा टेकवून धावले, तिला उचलायला हात पुढे केले.

"ओढू नको," तो हळूच म्हणाला. "आपसूक सोडीत ती."

मी हात मागे घेतले आणि तिथेच जमिनीवर बसले. तिच्या चावण्याचा मचमच आवाज येत होता. त्याचा श्वास अडकत होता, सुटत होता, पण हात हलला नाही. एकदा तर त्याने तो किंचित पुढे केला. मग तिची मान कलली, डोळे मिटले, तोंड आपोआप उघडलं आणि ती त्याच्या पोटाला टेकून झोपली. हात मोकळा झाला होता. त्याने तो काढला नाही.